बाई, वर्ग बंद करू नका, पण आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन या

पत्र: ताई नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, वय ६३, इंदिरानगरला राहते. दीड वर्ष झालं, सोसायटीच्या टेरेसवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी मुलांचा संस्कार वर्ग घेते. फी नाही काही नाही. बारा मुलं येतात, सगळ्या प्रकारच्या घरांतली. सगळ्या धर्मांमधलं चांगलं मुलांना मिळावं असं मनापासून वाटतं आणि सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात हे मी दर वेळी सांगते. पण महिन्याभरात तीन गोष्टी झाल्या. दशावतार सांगताना मी बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार म्हणाले तर तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या घरी असं नाही म्हणत." मी तिला खाली बसवलं. संध्याकाळी तिचे वडील येऊन शांतपणे बोलून गेले. मग मी चार्ट पेपरवर सगळ्या धर्मसंस्थापकांची चित्रं काढायला दिली, त्यानंतर एक मुस्लिम मुलगा यायचाच बंद झाला, आईचा मेसेज आला की रविवारी ट्यूशन लागली. आणि आता सोसायटीच्या ग्रुपवर एका पालकांनी लिहिलंय की मुलांना आधी आपलं तर नीट येऊ द्या, बाकीच्यांचं कशाला. मला फार लागलं. रात्री झोप येत नाही. वर्ग बंद करू का?
एक शिक्षिका, इंदिरानगर

प्रिय बाई,

तुम्ही शिक्षिका म्हणून बाईच म्हणते. पत्र दोनदा वाचलं. वर्ग बंद करू नका, हे पहिलं सांगते म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल. बारा मुलं रविवारी सकाळी मोबाईल घरी ठेवून टेरेसवर येऊन बसतात, दीड वर्ष, हे सोपं नाहीये. पण काही गोष्टी स्पष्ट बोलाव्या लागतील आणि तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून मी पण मनापासूनच सांगते.

ती मुलगी बरोबर होती. आठ वर्षांच्या पोरीने वर्गात उभं राहून बाईंना असं सांगायचं म्हणजे केवढी हिंमत लागते, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं शिकवलंय, तुम्हाला माहितीये. पुराणांच्या यादीत बुद्ध नववा अवतार म्हणून येतो, कितीतरी घरांमध्ये तसंच सांगतात, तुम्ही काही मनाचं सांगितलं नाहीत. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी प्रतिज्ञा नेमकी हीच आहे, की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. त्या मुलीच्या घरी ती बहुतेक भिंतीवर लावलेली असेल, नाहीतर आजीच्या तोंडी असेल. म्हणजे तुम्ही जे प्रेमाने सांगत होतात तेच न मानण्याची शपथ तिच्या घराने घेतलेली आहे.

आणि आपण नाशिकचे लोक आहोत बाई. काळाराम मंदिर आपल्या पंचवटीतलंच. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, हजारो माणसं, बायका सुद्धा, रामाचं दर्शन घेऊ द्या एवढंच मागणं, लोकांनी मार खाल्ला, जेलमध्ये गेले, काही वर्षं हे चाललं आणि दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. आता ज्या माणसांना देवळाच्या बाहेर ठेवलं, त्यांनी स्वतःची वाट शोधली, आणि त्या वाटेवरच्या बुद्धाला पण आपण "तो आमचाच हो, नववा" म्हणून आपल्या यादीत बसवलं तर त्यांना काय वाटेल? तुमच्या मनात तसं काही नव्हतं, मला शंभर टक्के खात्री आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात काय जातं हे त्याच्या आजोबांनी काय भोगलंय त्यावर असतं.

तुमच्या पत्रात जे वाक्य तुम्ही सगळ्यात अभिमानाने लिहिलंय, "सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात", तिथेच माझ्या मते सगळा घोटाळा आहे. मी पण खूप वर्षं हेच म्हणत आले, भाषणात, हळदीकुंकवाला, सगळीकडे. हळूहळू लक्षात आलं की हे वाक्य बोलून झालं की पुढचं ऐकायची गरजच उरत नाही. एकच आहे ना, मग शेजारच्याला काय विचारायचं, आपल्याला माहितीच आहे की. आणि "एक" म्हणजे नेहमी आपलंच असतं, बाकीचे त्यात येऊन बसतात.

एक उदाहरण सांगते, हे तुम्ही सरळ पुढच्या रविवारी वापरू शकता. आपल्याच गोदेच्या काठी खाली पैठणला एकनाथ महाराज. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला अभिषेक करायला निघालेले आणि वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं, तर नाथांनी ते गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं, म्हणाले माझा रामेश्वर इथेच पावला. ही गोष्ट सगळ्या मुलांना माहीत असते. आता याच्याशेजारी ही ठेवा, बुखारीच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात आहे: एक माणूस उन्हातून चाललेला, तहान लागली, विहिरीत उतरून पाणी प्यायला, वर आला तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटतोय. माणूस परत विहिरीत उतरला, पायातला चामड्याचा मोजा पाण्याने भरला, दातात धरला कारण चढायला दोन्ही हात लागतात, आणि वर येऊन कुत्र्याला पाजलं. अल्लाहला त्याचं हे काम आवडलं आणि त्याचे गुन्हे माफ झाले. लोकांनी विचारलं, जनावरांचं केलं तर त्याचंही पुण्य मिळतं? पैगंबर म्हणाले, ज्याच्यात जीव आहे त्या प्रत्येकाचं मिळतं. तो दातात धरलेला मोजा मुलांना सांगून बघा, विसरणार नाहीत.

दोन्हीकडे पाणी आहे, तहानलेला मुका जीव आहे. पण एकच शिकवण आहे का? नाथांना गाढवातच देव दिसला, पाणी थेट देवालाच पोचलं. हदीसमधला कुत्रा कुत्राच आहे, अल्लाह वरून बघतोय, आणि बघून खूश होतो, माफ करतो. मुस्लिम घरातलं मूल कुत्र्यात देव आहे असं कधी म्हणणार नाही, त्यांच्या श्रद्धेत ते बसतच नाही. आणि तुमच्या वर्गात जैन घरातलं कोणी असेल तर ते सांगेल की आमच्याकडे पाणी गाळून घेतात, कारण पाण्यातच बारीक जीव आहेत, म्हणजे तिथे प्रश्न पाणी पाजण्याच्याही आधी सुरू होतो. हे तीन वेगवेगळे विचार आहेत बाई, आणि तिन्ही ऐकलेल्या मुलाच्या डोक्यात जे काही चालू होईल ना ते "सगळं एकच" ऐकलेल्या मुलाच्या डोक्यात कधीच होणार नाही. मुलांना फरक कळतो, आपल्यापेक्षा लवकर कळतो. कळू द्या. आणि मग सगळ्यांनी मिळून टेरेसवर पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवा, त्याला काही एकमत लागत नाही.

आता त्या चार्टबद्दल. त्या आईने "ट्यूशन लागली" म्हटलं तो तुमचा मान राखून दिलेला निरोप आहे असं मला वाटतं. पैगंबरांचं चित्र त्यांच्याकडे काढत नाहीत, ती फार खोल अदब आहे, भक्ती चित्राकडे वळू नये, फक्त अल्लाहकडे राहावी म्हणून. तुम्ही त्या मुलाला रिकामा चौकोन आणि स्केचपेन दिलंत तर तो बिचारा काय करणार, बाईंचं ऐकायचं की घरचं. त्या आईला फोन नको, मेसेज नको, जाऊन भेटा. चूक झाली म्हणा, मला माहीत नव्हतं म्हणा, आणि विचारा की तुमच्याकडे मुलांना कुठली गोष्ट सांगतात ती वर्गात येऊन सांगाल का. त्या नाही म्हणाल्या तरी चालेल, विचारलेलं राहतं. चार्ट काढून टाका हो तो. त्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्या घरातलं एक वाक्य आजी-आजोबांना विचारून लिहून आणावं, ज्या भाषेत असेल त्या भाषेत, पाली, प्राकृत, अरबी, पंजाबी काही असो, आणि त्याचा अर्थ आपल्या मराठीत. सुविचारांचे फॉरवर्ड मात्र घेऊ नका, बुद्धांच्या फोटोखाली कोणाचंही वाक्य चिकटवलेलं असतं. कुठल्या ग्रंथात आहे हे विचारायची सवय मुलांना आत्ताच लागू दे.

ग्रुपवर लिहिणाऱ्या पालकांवर रागावू नका. मी त्यांच्या बाजूने थोडं बोलणार आहे. मूल त्यांचं आहे, आणि आपल्या मुलाला कोणीतरी काहीतरी वेगळं शिकवतंय ही भीती सगळ्या धर्मांच्या आईबापांना असते, तिसऱ्या मजल्यावरच्या वडलांना होती तशीच यांना पण आहे. आपल्या घटनेत कलम २८ मध्ये सुद्धा आहे की सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या शाळेत धार्मिक शिक्षणात किंवा प्रार्थनेत भाग घ्यायची सक्ती कोणावर करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. तुमचा टेरेस काही शाळा नाही पण तोच नियम लावा. सांगणं वेगळं आणि करवून घेणं वेगळं. नमाज म्हणजे काय हे सांगा, नमाज पढायला लावू नका. तसंच रामरक्षेचंही, ती म्हणायची सक्ती त्या दोन मुलांना का? हे मात्र तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण वर्गाची सुरुवात कशाने होते याचा विचार करा. पुढच्या महिन्याचे चार विषय ग्रुपवर आधीच टाका, कोणाला बसून ऐकायचं असेल तर या म्हणावं, चहा मी देते. आणि "आधी आपलं येऊ द्या" म्हणतात ना, तर त्यांनाच विचारा, पसायदान तुम्ही शिकवाल का मुलांना, अर्थासकट. ज्ञानोबांचे गुरू आणि थोरले भाऊ निवृत्तीनाथ, त्यांची समाधी आपल्या त्र्यंबकला, म्हणजे हे आपलं घरचंच. अर्थ सांगताना त्यांना "जे खळांची व्यंकटी सांडो" पाशी थांबावंच लागेल, दुष्ट मरू दे असं माउली म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा जाऊ दे म्हणतात. आणि पुढे "भूतां परस्परे जडो मैत्र जीवांचे". यात बाकीच्यांचं कशाला हा प्रश्नच राहत नाही, पण हे तुम्ही नका सांगू, शिकवता शिकवता त्यांचं त्यांनाच दिसेल.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगायचीये. आम्ही जुन्या नाशकात वाड्यात राहायचो, शेजारी एक जैन शेठजी, त्यांचं कापडाचं दुकान. आमच्या छपराच्या पन्हळीचं पाणी त्यांच्या ओट्यावर पडायचं, त्यावरून माझ्या वडलांचं आणि त्यांचं जे वाजलं ते दोन वर्षं बोलणं बंद. समोरासमोर आले तरी माना खाली. माझे वडील रोज हरिपाठ म्हणायचे, पसायदान तर झोपेत विचारलं तरी पाठ. ऋषिपंचमीची सकाळ होती, घरात गणपती बसलेला, आणि जिन्यावर पावलं वाजली. शेठजी दारात उभे, अनवाणी, आठ दिवसांच्या उपासाने चेहरा उतरलेला, हात जोडलेले, आणि म्हणाले "मिच्छामि दुक्कडं". आदल्या दिवशी त्यांची संवत्सरी झालेली, पर्युषणाचा शेवटचा, माफी मागायचा दिवस. माझे केलेले वाईट फोल होवो, असा त्याचा अर्थ, म्हणजे माझं चुकलं असेल त्याची माफी. वडलांच्या हातात दुर्वा होत्या, त्या तशाच हातात. त्यांना काय बोलावं तेच सुचेना. आई आतून म्हणाली, "अहो आत तरी या म्हणा." मग ते आत आले, खुर्चीवर नाही बसले, चटईवर बसले, गणपतीकडे बघत. उपास सोडायचा होता म्हणून कोमट पाणी तेवढं घेतलं. पन्हळीचा विषय कोणी काढला नाही. त्या रविवारी वडलांनी माणूस बोलावून पन्हळ फिरवून घेतली.

वडील मला नंतर म्हणाले की मैत्र जीवांचे मी रोज म्हणत होतो, पण जिना तो चढून आला. मला मोठेपणी कळलं की शेठजी ज्या क्षमापनेने आलेले त्यातच "मित्ती मे सव्वभूएसु, वेरं मज्झ न केणई" असं आहे, सगळ्या जीवांशी माझी मैत्री, माझं कोणाशीच वैर नाही. मैत्र जीवांचे आणि मित्ती सव्वभूएसु, बघा शब्द किती जवळ आले. पण वडलांना ते जवळ आलेले दिसले कारण शेठजी आपल्या पद्धतीने, आपल्या भाषेत, आपला उपास करून आले. उगाच "काका पसायदान काय आणि आमचं काय एकच" म्हणाले असते तर काही झालं नसतं.

माफीवर एक अख्खा रविवार ठेवा बाई, यात फार मोठं धन आहे. बायबलमध्ये मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. इस्लाममध्ये बंद्यांचे हक्क म्हणून वेगळी गोष्ट मानतात, माणसाचं काही घेतलं-दुखवलं असेल तर नुसती अल्लाहकडे तौबा पुरत नाही, त्या माणसाकडून माफी घ्यावी लागते. कोकणातले बेने इस्राएल, मराठीच बोलणारे आपले ज्यू लोक, पूर्वी शनवार तेली म्हणायचे त्यांना, त्यांच्या धर्मातही योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाने देवाविरुद्धचे अपराध सुटतात पण माणसाविरुद्धचे अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय सुटत नाहीत. आणि बौद्धांच्या धम्मपदात "न हि वेरेन वेरानि", वैराने वैर शमत नाही, तिथे तर माफ करणारा देव सुद्धा मध्ये नाही, माणसाने स्वतःच ते शमवायचं. बघा, कोणी देवापर्यंत जायची वाट माणसाच्या दारातून काढलीये, कोणाकडे देवच नाही, पण सगळ्यांनी तुम्हाला जिना चढायला लावलाय.

म्हणून तिसऱ्या मजल्यावर आधी तुम्ही जा. वडलांशी बोला, पण माफी त्या मुलीची मागा, कारण खाली तिला बसवलं होतंत. आणि पुढच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगा की त्या दिवशी ती बरोबर बोलली होती आणि मी ऐकून घेतलं नाही. मुलांनी दीड वर्षात तुमच्याकडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा ही जास्त लक्षात राहील.

मग त्या वडलांनाच विचारा की मुलांना पांडवलेणीला घेऊन जायचंय, तुम्ही याल का आमच्याबरोबर आणि बुद्धांची गोष्ट तुम्ही सांगाल का. किसा गौतमीची मोहरीची गोष्ट मागा त्यांना, जिच्या बाळाचा जीव गेलेला असतो आणि बुद्ध तिला म्हणतात ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण. मुलांना झेपते ती, कोणाचे ना कोणाचे आजोबा गेलेले असतातच. नाव पांडवलेणी असलं तरी पांडवांचा तिथे काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, हे पण मुलांना तिथेच सांगा. वर दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, नहपान या क्षत्रप राजाचा जावई, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने कोरून ठेवलंय की ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, आणि त्याच लेखात, की हे लेणं आणि पाण्याची टाकी भिक्खूंसाठी खोदवली. शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, मिळून ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून ठेवले, मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना कपड्यासाठी पैसे द्यायचे, वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा. म्हणजे आजच्या भाषेत फिक्स डिपॉझिट. या माणसाने ब्राह्मणांना ब्राह्मणांचं दिलं, भिक्खूंना भिक्खूंचं, कोणाला कोणात मिसळलं नाही, आणि हे नाशकात दगडावर लिहिलेलं आहे. ब्राह्मी अक्षरं आहेत, मुलांना वाचता येणार नाहीत पण बोट हवेत फिरवून एखादं अक्षर गिरवू द्या, भिंतीला हात लावू देऊ नका.

सकाळी सातलाच निघा, नंतर पायऱ्यांवर ऊन येतं. ट्यूशनवाल्या मुलाच्या आईला पण सांगा, रविवारी नाही जमलं तर शनिवारी जाऊ म्हणावं. आणि गेलात की मला कळवा, ती मुलगी काय म्हणाली ते खास लिहा.

तुमची ताई